पेटीतला पट्टा

आमच्या अण्णांना गाडीवर टीका केलेली खपत नसे. आईवर केलेली खपायची, माझ्यावर तर ते स्वतःच करायचे, पण गाडीला कोणी 'डबडं' म्हटलं की त्या माणसाला आमच्या घरी पुन्हा चहा मिळत नसे. गाडी विलायती होती, हिरवी, दोन माणसांची, वर छप्पर नसलेली. संस्थानच्या काळात कुणा सरदारांनी शौकाने आणलेली. संस्थान गेलं, शौक परवडेनासा झाला, आणि अण्णांची वकिली ऐन भरात असताना ती शाहूपुरीत आमच्या दारात येऊन उभी राहिली. मी सांगते आहे ते साल बाहत्तरचं. तेव्हा ती वयाने माझ्याहून मोठी होती आणि नखरे तर विचारूच नका.

अशा गाडीतून हिंडायचं म्हणजे बरोबर अर्धा दवाखाना न्यावा लागतो. सीटच्या मागे एक पत्र्याची पेटी होती आणि तिच्यावाचून आम्ही रंकाळ्यापर्यंतसुद्धा जात नसू. पाने, जॅक, प्लग, तार हे तर कुणाच्याही गाडीत असतं. आमच्या पेटीत रेडिएटर गळू लागला तर त्यात टाकायला हळदीची पुडी होती, पेट्रोलची टाकी पाझरली तर भोकावर दाबायला साबणाची वडी होती, आणि भूक लागली तर गूळ-शेंगदाणे होते, जे मी नेहमी घरापासून कोपऱ्यापर्यंतच संपवत असे. सगळ्यांत महत्त्वाचा म्हणजे पट्टा. फॅनबेल्ट हो. इंजिनाच्या तोंडाशी फिरणारा रबरी पट्टा. तो पंखा फिरवतो, पाणी खेळवतो. तो तुटला की पाणी उकळायला लागतं आणि चढाला तर गाडी लगेच मान टाकते. म्हणून एक पट्टा इंजिनावर आणि एक पेटीत, हा आमच्या घरचा कायदा होता.

पेटी तपासायचीही एक रीत होती. ती अण्णांनी सरदारांच्या जुन्या ड्रायव्हरकडून, केरबाकडून उचलली होती. निघण्याआधी गाडी चालवणाऱ्याने बॉनेटपाशी उभं राहून एकेका वस्तूचं नाव घ्यायचं आणि दुसऱ्याने पेटीपाशी बसून, त्या वस्तूला हात लावून 'हाय' म्हणायचं. एकाच माणसाने दोन्ही करायचं नाही, कारण घाईत असलेल्या माणसाला जे नाही तेही दिसतं, असं केरबाचं म्हणणं. आणि दुसऱ्याने एकदा 'हाय' म्हटलं की पुन्हा डोकावून बघायचं नाही. तो त्याचा अपमान. कोर्टात घोटून घोटून बोलणारे अण्णा पेटीपुढे गुडघे टेकले की अगदी केरबासारखं 'हाय' म्हणायचे आणि मला हसू यायचं.

गाडी मला अण्णांनीच शिकवली, हे कबूल करायला हवं. आईचा विरोध, शेजारच्या बयाबाईंचे टोमणे, सगळं अंगावर घेऊन शिकवली. पट्टा चढवायचा कसा, तो किती ताणायचा, प्लगवरची काजळी कशी काढायची, सगळं त्यांच्या हाताखाली शिकले. मग त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. डाव्या डोळ्याने जवळजवळ दिसेनासं झालं आणि डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून दम भरला. त्या दिवसापासून मी चालवू लागले आणि अण्णा शेजारी बसू लागले. मी कॉलेजला जाताना त्यांना कोर्टात सोडायची. ते वाटभर 'गिअर, गिअर' करत राहायचे. मला वाटायचं, आमची जोडी झकास जमली आहे.

शाहूपुरीत जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांचं एक मोटार मंडळ होतं. होळीच्या आधी त्यांची पन्हाळ्याला दौड व्हायची. अण्णांनी ती कितीतरी वर्षं केली होती. त्या वर्षी मी नाव दिलं. मंडळात भूकंप झाला. आजवर कुठल्या बाईने नाव दिलं नव्हतं. चिटणीस गणपतराव तसे भले गृहस्थ, पण भल्या गृहस्थांना निर्णय घ्यायचा म्हटलं की घाम फुटतो. शेवटी त्यांनी एक अट काढली. मी एकटीने जायचं, शेजारी कोणी नाही, वाटेत कुणाची मदत नाही. पोचले तर मंडळ मला कायमचं सभासद करणार आणि पुढच्या बायकांनाही दार उघडं. नाही पोचले तर पुन्हा हा विषय काढायचा नाही.

"हाय कबूल?" गणपतरावांनी विचारलं.

"हाय की!" मी म्हणाले. अण्णा शेजारीच उभे होते. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला अजून आठवते आणि आठवली की अंगाचा तिळपापड होतो.

आदल्या संध्याकाळी मी बॉनेट उघडून तेलपाणी पाहिलं, पट्टा दाबून पाहिला. तो मी दिवाळीत स्वतःच्या हाताने चढवलेला नवा पट्टा होता. सकाळी उजाडायच्या आत जाग आली तर बाहेर दिवा दिसला. अण्णा गाडीपाशी काहीतरी खुडबूड करत होते. मला वाटलं, माझ्यासाठी गाडी पुसताहेत. गळ्याशप्पथ सांगते, मला भरून आलं. पांघरूण ओढून मी आणखी थोडी झोपले.

मग तयार होऊन मी बॉनेटपाशी उभी राहिले. अण्णा पेटीपाशी बसले.

"पाने?"

"हाय."

"हळद?"

"हाय."

"पट्टा?"

"हाय."

जराही थांबले नाहीत, हे मी मुद्दाम सांगते. आवाजही तोच होता. मी पेटीत डोकावले नाही आणि बॉनेटही पुन्हा उघडलं नाही. ज्याने दोन्ही शिकवलं तोच समोर बसला होता, मग कशाला उघडीन? अण्णा गणपतरावांच्या मोठ्या गाडीतून पुढे गेले. वर पन्हाळ्याच्या नाक्यापाशी सगळे वाट बघणार होते.

पंचगंगेचा पूल ओलांडला आणि मी मोठ्याने गायला लागले. उसाच्या गाड्या रस्ता अडवत होत्या, गाडीवान माझ्याकडे बघून बैलांना विसरत होते. एकजण ओरडला, "अगं बया, पोरगी चालिवतीया!" मी हात केला. केर्ली गाव मागे टाकलं आणि थोड्याच वेळात इंजिनाच्या तोंडाशी फटकन आवाज झाला.

आवाज ऐकताच मला कळलं. गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं. पट्टा तुटून खाली लोंबत होता. मी घाबरले नाही. नवा पट्टा इतक्या लवकर तुटला म्हणून थोडं नवल वाटलं, इतकंच. पेटी उघडली. पाने बाजूला केले, हळद बाजूला केली, मग सगळी पेटी रस्त्याच्या कडेला पालथी केली. पट्टा नव्हता.

पहिल्यांदा मला अण्णांची कीव आली. डोळ्यांनी दिसत नाही बिचाऱ्यांना, दुसऱ्याच कशाला तरी हात लावून 'हाय' म्हणाले असतील. घरी गेल्यावर हे त्यांना कसं सांगायचं, त्यांना किती लागेल, याचा मी विचार करत होते. किती शहाणी मुलगी! आणि मग मी तुटलेला पट्टा हातात घेतला. त्याच्यावर शेंदरी रंगाचा ओघळ होता.

तो माझा नवा पट्टा नव्हताच. दिवाळीत काढून मी फाटकाजवळच्या खिळ्याला अडकवलेला, भेगाळलेला जुना पट्टा होता तो. फाटकाला रंग देताना त्याच्यावर शेंदरी ओघळ आला होता, तो मी स्वतः पाहिला होता. म्हणजे कोणीतरी नवा काढून जुना चढवला होता. हे काम आंधळेपणाने होत नाही. बोल्ट सैल करावे लागतात, पट्टा ताणावा लागतो, पुन्हा आवळावे लागतात. आमच्या घरात हे दोघांनाच येत होतं आणि त्यांतली एक मी होते.

मी रस्त्यावर तशीच बसून राहिले. रडले नाही. उजाडायच्या आधीचा तो दिवा डोळ्यांसमोर येत होता आणि पांघरुणात मला भरून आलं होतं ते आठवून माझी मलाच लाज वाटत होती.

तरी मी हरले नव्हते. ओढणी काढली, पिळून तिचा पीळ केला आणि पट्ट्याच्या जागी करकचून बांधली. ती जरा वेळ फिरली आणि मग तिच्या चिंध्या झाल्या. मग मी थांबत थांबत निघाले. इंजिन तापलं की उभं करायचं, निवलं की डब्यातलं पाणी ओतायचं, पुन्हा थोडं पुढे. वाघबिळापर्यंत असं रडतरखडत आणलं. तिथून घाटाचा चढ लागला आणि रेडिएटरमधून वाफेचा फवारा उडाला. आता चालू ठेवली असती तर इंजिन कायमचं गेलं असतं. तेवढं पाप माझ्याच्याने झालं नसतं.

थोड्या वेळाने वरून मंडळाची जीप आली. शाहूपुरीत गॅरेज चालवणारा लालासाब तीत होता. तो दरवर्षी अडलेल्या गाड्या वर आणायचा आणि दरवर्षी सगळ्यांची टिंगल करायचा. माझं तोंड बघून त्याने टिंगल गिळली.

"काय झालं, नंदाताई?"

"पट्टा तुटला."

"पेटीत न्हाय व्हय दुसरा? अण्णांच्या पेटीत?" त्याचा विश्वास बसेना. मी मान हलवली. तो इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "माझ्याकडं हाय. टाकतो बसवून. जावा की मग सुसाट. कोण बघतंय हितं?"

"वर कुणी विचारलं तर काय सांगाल?"

लालासाबने डोकं खाजवलं. "इचारलं तर मग सांगावंच लागंल की. खोटं कसं बोलू?"

त्या सकाळी मला भेटलेला हा पहिला खरं बोलणारा माणूस. मी त्याला म्हणाले, "मग दोर बांधा."

असा माझा पन्हाळ्यात प्रवेश झाला. पुढे जीप, मागे दोराने ओढलेली आमची हिरवी गाडी, तीत बिनओढणीची, काळ्या हातांची मी. नाक्यापाशी सगळं मंडळ जमलं होतं. कुणी हसलं नाही, हसले असते तर बरं झालं असतं. गणपतराव पुढे आले आणि त्यांनी काय झालं म्हणून विचारलं. मी अण्णांकडे बघितलं. मला वाटलं, आता ते बोलतील. निदान डोळ्यांचं निमित्त सांगतील. मी तेही चालवून घेतलं असतं.

अण्णा म्हणाले, "पेटीत पट्टा टाकायला विसरली. हजारदा बजावलंय हिला. पण पोरच ती, हुरळून गेली."

मला तिथेच ओरडून सांगता आलं असतं. तुटलेला पट्टा माझ्या हातात होता. पण चारचौघांत, सगळ्या कोल्हापूरच्या वकिलांपुढे आणि व्यापाऱ्यांपुढे, दत्तोपंत वकिलांनी स्वतःच्या मुलीची गाडी बिघडवली असं मी म्हणायचं? माझी जीभ रेटली नाही. मी त्यांची लाज राखली आणि त्यांनी ती मला राखू दिली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हे, एवढंच मला त्या वेळी कळत होतं.

"बरोबर हाय," कोणीतरी मागून म्हणालं, "बायामाणसांचं काम न्हवं ते."

घरी आल्यावर मी हात न धुताच तुटका पट्टा अण्णांच्या टेबलावर टाकला. आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. अण्णांनी पट्ट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांनी नाकारलं नाही. वकील माणूस, पुरावा समोर आला की वेळ दवडत नाही.

"तुझ्याच भल्यासाठी केलं," ते म्हणाले. "कोडोलीचे पाव्हणे आज पन्हाळ्यावर येणार होते. मुलगी अशी उघड्या गाडीतून एकटी हिंडताना बघितली असती तर सोयरीक मोडली असती. तुला नको म्हटलं असतं तर तू दुखावली असतीस. म्हणून म्हटलं, गाडीच अडू दे."

खोटं कशाला बोलू, क्षणभर माझा राग उतरला. बापाचं काळीज, मुलीच्या लग्नाची काळजी, असं काहीतरी मनात येऊन गेलं. मी माफही केलं असतं. पण आई दारातच उभी होती.

"कोडोलीचं काय?" आई म्हणाली. "मुलाच्या आईला, अंबूबाईंना मीच सांगितलंय आपली नंदा गाडी चालवते म्हणून. तुमच्यासमोर तर बोलणं झालं. 'बरंच की, आमच्यात ट्रॅक्टर चालवंल' म्हणाल्या त्या. तुम्हीच हसलात की तेव्हा!"

अण्णा खाली बसले. आई काही समजून आत निघून गेली. ती गेल्यावर ते बोलले, तो आवाज मी कधी ऐकलेला नव्हता.

"नंदा, आता लोक गाडीचं काही विचारायचं झालं तर तुला विचारतात. मी शेजारी बसलेला असतो. परवा गणपतराव म्हणाले, दत्तोपंत, पोरीचा हात तुमच्यापेक्षा हलका आहे. सगळे हसले, मीही हसलो. तू आज एकटी वर पोचली असतीस, शेजारी मी नसताना, तर मग माझं काय राहिलं असतं?"

मला वाटलं होतं, खरं कारण कळलं की मन मोकळं होईल. ते उलट दगडासारखं झालं.

"मग 'नको' म्हणायचं होतं," मी म्हणाले. "तुम्ही एकदा म्हणाला असतात, नंदा, मला बघवत नाही, जाऊ नकोस, तर मी गेले नसते. हे तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं."

"मग?"

"तसं म्हटलं असतं तर तुला कळलं असतं, मी कसा आहे ते."

"आता नाही कळलं?"

मी सांगितलं, मला दुसरं काही नको. मंडळाची बैठक या आठवड्यात आहे, तिथे जाऊन एक वाक्य बोला. पट्टा नंदा विसरली नव्हती, मी काढला होता. बस. तेवढ्याने माझा विषय पुन्हा काढता येईल आणि कुठलीही बाई माझ्या नावाने अडवली जाणार नाही.

अण्णांनी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि टेबलावर माझ्या बाजूला सरकवली. पक्षकाराने तडजोड मांडावी तसे ते बोलले. "गाडी तुझ्या नावावर करतो. उद्याच कागद करू. हवी तिथे ने, हवी तशी चालव. पण तेवढं एक मागू नकोस."

किल्ली आठवडाभर टेबलावर पडून राहिली, गाडी दारात उभी राहिली आणि अण्णा कोर्टात गेलेच नाहीत. मी किल्लीला हात लावला नाही, पण खोटं सांगणार नाही. मी आशा सोडली नव्हती. बैठकीच्या दिवशी अण्णांनी इस्त्रीचा कोट घातला, पायऱ्यांवर जरा थबकले, मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि गेले. मला वाटलं, सांगणार. नक्की सांगणार. मी आईला म्हटलंसुद्धा, आज काहीतरी गोड कर.

ते जेवायच्या वेळेला परतले. कोट काढून खुंटीला लावला, हातपाय धुतले आणि पाटावर बसले. आईने ताट वाढलं. मी समोर उभी होते.

"काय झालं बैठकीत?"

"ठराव झाला," ते ताटाकडे बघत म्हणाले. "यापुढे दौडीत बायकांना घ्यायचं नाही."

"कोणी विरोध केला?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. तो आमटीत बुडवला. "एकमताने झाला."

एकमताने, म्हणजे सगळ्यांनी हात वर केले. अण्णांनीही. मी टेबलावरची किल्ली आणून त्यांच्या ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाले, "उद्यापासून कोर्टात टांग्याने जा."